प्योंगयांगची बातमी नेमकी येते कुठून?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या महिन्याभरात उत्तर कोरियाविषयी दोन मजकूर वाचनात आले. परदेशाच्या पानावरच्या छोट्या चौकटीत, तिथल्या राज्यकर्त्याने एका अधिकाऱ्याला क्षुल्लक कारणावरून देहदंड दिल्याची बातमी होती. रविवारच्या पुरवणीत प्योंगयांगचे रुंद, स्वच्छ रस्ते, भुयारी रेल्वेच्या स्थानकांतील झुंबरे आणि शिस्तीत चालणारी शाळकरी मुले यांचे कौतुक करणारा प्रवासलेख होता. आमच्या शहाद्याच्या वाचनालयात यावरून चांगलीच जुंपली. डाव्या विचारांच्या मंडळींनी चौकटीतली बातमी अमेरिकी कंड्या म्हणून झटकून टाकली, तर इतरांनी प्रवासलेख विकाऊ ठरवला. माझी तक्रार दोन्ही मजकुरांबद्दल सारखीच आहे. सांगणारा कुठे उभा राहून सांगतो आहे, हे त्यांपैकी एकातही छापलेले नव्हते.

या देशाच्या बाबतीत ती माहिती वगळली की बातमीचा अर्थच बदलतो. प्योंगयांगला जाणाऱ्या पाहुण्यासोबत सरकारी मार्गदर्शक सतत असतो आणि राजधानीत राहायलाही तिथल्या नागरिकाला परवानगी लागते, म्हणजे पाहुण्याला दिसतात ती माणसे आधीच निवडलेली असतात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१२ मध्ये तिथे वृत्त कार्यालय उघडले, पण तेही सरकारी वृत्तसंस्थेच्याच इमारतीत. दुसऱ्या बाजूला, देश सोडून दक्षिण कोरियात पोहोचलेले सुमारे ३४ हजार लोक आहेत. त्यांतील बहुसंख्य चीनच्या सीमेलगतच्या उत्तर हामग्योंग आणि र्यांगगांग या गरीब प्रांतांतले आहेत. त्यांचे अनुभव खोटे मानण्याचे कारण नाही, मात्र ते त्या प्रांतांचे आणि निघून जावेसे वाटलेल्या माणसांचे अनुभव आहेत.

आम्हा नंदुरबारकरांना हा प्रकार परका नाही. मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत आमचा जिल्हा एक तर धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषणासाठी येतो, नाही तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी आणि काठीच्या राजवाडी होळीसाठी. दोन्ही खरे आहे, पण पपईचा भाव पडला म्हणून व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारा शहाद्याचा शेतकरी त्यात कुठेच नसतो. फरक एवढाच की, ज्याला शंका येईल त्याला एस.टी.त बसून इकडे येता येते. उत्तर कोरियात ती सोय नसल्यामुळे एकदा छापलेले वर्षानुवर्षे टिकून राहते.

उत्तर कोरियाच्या ह्योन सोंग-वोल या गायिकेचेच पाहा. ऑगस्ट २०१३ मध्ये सोलच्या एका मोठ्या वृत्तपत्राने, निनावी सूत्रांच्या हवाल्याने, तिला गोळ्या घालून ठार केल्याचे छापले आणि जगभरच्या माध्यमांनी ते उचलले. मे २०१४ मध्ये ती उत्तर कोरियाच्या दूरचित्रवाणीवर भाषण करताना दिसली. जानेवारी २०१८ मध्ये तर हिवाळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने होणाऱ्या कार्यक्रमांच्या जागा पाहायला ती स्वतः सोलमध्ये उतरली, तेव्हा गळ्याभोवती फर गुंडाळलेल्या या बाईंचे छायाचित्र मिळवण्यासाठी तिथल्याच छायाचित्रकारांची झुंबड उडाली होती. लष्करातील री योंग-गिल यांच्याबाबतही हेच घडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांना मृत्युदंड दिल्याची बातमी दक्षिणेतून आली आणि मे महिन्यातल्या पक्षाच्या अधिवेशनात ते नव्या पदांसह हजर झाले.

अशा बातम्यांचा खरा तोटा वेगळाच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये किम जोंग-उन यांनी आपल्या आत्याचे यजमान जांग सोंग-थेक यांना खरोखरच ठार केले आणि सरकारी वृत्तसंस्थेने स्वतःच ते जाहीर केले. एवढे भीषण सत्य हाताशी असताना, त्यांना उपाशी कुत्र्यांपुढे टाकल्याची कथा जगभर पसरली आणि तिचा माग काढला तेव्हा ती चिनी समाजमाध्यमावरच्या एका उपहासात्मक टिपणाची उपज निघाली. त्या राजवटीच्या पाठीराख्यांना आयते हत्यार मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. ऑस्ट्रेलियाचे माजी न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाला उत्तर कोरियाने देशात पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून सोल, टोकियो, लंडन आणि वॉशिंग्टन येथे ८० हून अधिक साक्षी जाहीरपणे नोंदवल्या गेल्या. राजकीय कैद्यांच्या छावण्यांबद्दलचा तो दस्तऐवज आमच्या वाचनालयातले डावे मित्र आज ‘तीच कुत्र्यांची गोष्ट’ म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही, पण त्यांना तसे म्हणायची सोय कोणी करून दिली, हेही विसरता येत नाही.

आकड्यांचेही असेच आहे. १९९० च्या दशकातल्या दुष्काळात किती माणसे दगावली, याचे अंदाज दोन-अडीच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. सुमारे २ लाख २० हजार ही संख्या खुद्द तिथल्या सरकारने मान्य केलेली आहे. लेख कोणाच्या बाजूचा आहे, हे त्याने यातला कोणता आकडा उचलला यावरून कळते.

भारतीय वृत्तपत्रांना या बाबतीत दुसऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिण्याची गरज नाही. कोरियन युद्धानंतर, १९५३-५४ मध्ये, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर युद्धकैद्यांची राखण भारतीय सैन्याने केली आणि त्या दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी माणसाकडे होते. दक्षिण कोरियाच्या सरकारचा आपल्यावर इतका राग होता, की आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाय ठेवू न देता हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. आजही प्योंगयांगमध्ये आपला दूतावास आहे. कोविडकाळात बंद पडलेला तो डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे काही वर्षे काढलेले, आता निवृत्त झालेले भारतीय अधिकारी आहेत. बाजारात काय मिळते, वीज किती वेळ असते, शहराबाहेर किती अंतर जाऊ देतात, हे त्यांना विचारता येईल.

तेव्हा विनंती अशी, की उत्तर कोरियाची बातमी सोलहून आली असेल तर तिच्या शिरोभागी सोल असेच छापावे आणि ‘निनावी सूत्रांनुसार’ हे शब्द जागा वाचवण्यासाठी कापू नयेत. प्रवासलेखाखाली तो प्रवास कोणी आखला होता, याची एक ओळ द्यावी. मेलेला म्हणून छापलेला माणूस पुन्हा दिसला, तर ती बातमीही पहिल्या बातमीइतक्याच मोठ्या चौकटीत यावी. निवृत्त राजदूतांच्या मुलाखतींसाठी रविवार पुरवणीचे अर्धे पान काढता आले, तर आमच्या वाचनालयात तो अंक नक्कीच हातोहात फिरेल.

कळावे, लोभ असावा.

आपला एक नियमित वाचक,
शहादा, जि. नंदुरबार