आईच्या साठीचं जेवण

वेंगुर्ला, दुपारी अडीच

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली लिस्बनच्या चार हॉटेलांची यादी मी तीनदा वाचली. फोनवर बोलणं शक्य नाही. घर लहान, आणि आई चुलीपाशी असली तरी तिचे कान ओसरीवर असतात. म्हणून ती जरा आडवी झालीय तोवर कागदावर लिहितो आणि फोटो काढून तुला पाठवतो. पाठवला की माझ्या फोनमधून पुसून टाकीन, कारण रात्री नातवाचे फोटो बघायला ती तोच घेते. साठीच्या जेवणाचं तिला टेबलाशी बसल्यावरच कळू दे.

आधी वाराचं बघ. वाढदिवस सोमवारी येतो म्हणून तू टेबलही सोमवारचंच बघतेयस. आई सोमवार पाळते, हे घाईत तुझ्या लक्षात राहिलं नसेल. ती तिकडेही पाळणार. नवस वगैरे काही नाही, पण तिच्या सासूने पाळला म्हणून ती पाळते आणि त्यात कधी खंड पडू दिला नाही. शिवाय लिस्बनमधली बरीच चांगली हॉटेलं रविवारी नाहीतर सोमवारी बंद असतात. मासळीच्या जेवणाला तर सोमवार तिथेही वाईटच, कारण रविवारी बोटी सहसा समुद्रात जात नाहीत. सोमवारी सकाळी खोलीवर औक्षण करू. निरांजन आणि वाती मी माझ्या बॅगेत घेतो, तिच्या बॅगेत नको. जेवण बुधवारी ठेव.

आता यादी. पहिलं नाव लिस्बनच्या शियादू भागातल्या बेलकांतोचं. दोन मिशेलिन तारे आहेत, शेफ त्या देशातले मोठे मानतात, आणि तू आईसाठी एवढा खर्च करायला निघालीस हे वाचून माझं मन भरून आलं. हे तारे कसे देतात तेही मी वाचून काढलं. फ्रान्समधल्या टायरच्या कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी छोटं पुस्तक काढलं, 1926 पासून त्यात हॉटेलांना तारे द्यायला लागले. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावं असं जेवण. हे सगळं मला पटतं. पण तारा ताटातल्या पदार्थाला असतो. जेवायला कोण बसलंय ते तारा देणाऱ्याला माहीत नसतं, ते आपल्याला माहीत असतं.

तुझ्या पदवीदानाची रात्र आठव. डब्लिनमध्ये तू आम्हाला कुठे नेलं होतंस त्याचं नाव काढत नाही, तू कौतुकाने नेलं होतंस. एकामागून एक अकरा बश्या आल्या. दर बशीबरोबर एक मुलगा येऊन काहीतरी समजावून सांगायचा आणि आई मान हलवायची. दुसऱ्या की तिसऱ्या बशीत बीफ होतं, ते तिने कडेला सारलं. त्यानंतर प्रत्येक बशी ती काट्याने उलटून बघत होती, आणि तुझ्याकडे बघून हसत होती. तू झोपल्यावर, रात्री साडेअकराला, तिने तुझ्या स्वयंपाकघरात पेज टाकली. लोणच्याबरोबर दोन वाट्या प्यायली आणि मला बजावलं, ‘बायला सांगू नका, तिचा हिरमोड होईल.’ आज सांगतोय, कारण यावेळी तिची साठी आहे. बेलकांतोला तुम्ही दोघं नक्की जा, दोन दिवस आधी किंवा नंतर. बाळाला आम्ही सांभाळू.

दुसरं अल्फामा या जुन्या भागातलं फादोचं घर, म्हणजे तिथली पारंपरिक गाणी ऐकत जेवायची जागा. हे मला फार आवडलं, आणि आईलाही आवडेल. दशावताराला रात्रभर मांडी न मोडता बसणारी बाई ती. भाषा कळली नाही तरी गळा तिला कळतो. पण फादो सुरू झाला की दिवे मंद करतात, वाढणं थांबतं आणि कोणी चमच्याचाही आवाज करत नाही, असं मी आमच्या बोटीवरच्या पोर्तुगीज सेकंड इंजिनिअरकडून ऐकलं होतं. आई गाणं ऐकताना जेवणार नाही. तिच्या लेखी तो अपमान आहे. ताट गार होईल, ती तसंच ठेवील. अल्फामाच्या पायऱ्या आणि चढणी तिच्या गुडघ्यांना जमणार नाहीत, टॅक्सी तरी दाराशी जाते का ते आधी विचारून घे. गाणं वेगळ्या रात्री ठेवू. हौशी माणसं उठून गातात अशा लहान खानावळी तिथे आहेत, त्याला ते फादो व्हादियू म्हणतात. तिथे नुसतं काही पीत बसता येतं. आईला लिंबू सरबत.

तिसरं गोव्याच्या जेवणाचं. लिस्बनमध्ये शाकुती मिळते आणि कोपऱ्यावरच्या कॅफेत समोसा मिळतो, त्याला ते शमुसा म्हणतात. चारशे-साडेचारशे वर्षांचा संबंध आहे, मिळणारच. पण बाय, आई शाकुतीचा पहिला घास घेईल आणि मनाने उठून आपल्या पाट्या-वरवंट्याशी जाईल. खसखस कमी भाजली, खोबरं जास्त भाजलं, वाटप जाड राहिलं. दोन तास ती दुसऱ्याच्या वाटपात अडकेल. एका दुपारी सहज म्हणून नेऊ. साठीच्या रात्री तिला कुठलंच वाटप आठवू नये असं मला वाटतं.

चौथ्या नावापुढे तू प्रश्नचिन्ह टाकलंस आणि ‘साधंच आहे, मासळीचं’ असं लिहिलंस. मला तेच पाहिजे.

आता एक गोष्ट, जी तुला अर्धीच माहीत आहे. 1986 मध्ये आमचं जहाज लिस्बनला चार दिवस लागलं होतं. मी इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल-वंगण देणारा. लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्यातले सहा मी पाण्यावर होतो. काइश दु सोद्रे म्हणून धक्क्याजवळचा भाग आहे, तेव्हा तिथे खलाशांचीच वर्दळ असायची. आता त्यातला एक रस्ता गुलाबी रंगवलाय म्हणे. तिथल्या एका तास्कात, म्हणजे आपल्या खानावळीसारख्या जागेत, आम्ही तिघे शिरलो. टेबलावर कागद अंथरलेला, भिंतीला निळ्या फरश्या. भाषा येत नव्हती, म्हणून शेजारच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवलं. आलं काय, तर तिसऱ्या! शिंपल्यासकट, लसूण आणि ऑलिव्हचं तेल, वरून लिंबू, आणि मूठभर कोथिंबीर. युरोपात कितीतरी बंदरं फिरलो होतो, पण कोथिंबिरीचा वास त्याआधी कुठेच आला नव्हता. मला घास गिळता येईना. बरोबरच्या दोघांना वाटलं कवचाचा तुकडा अडकला.

त्या पदार्थाला बुल्यांव पातू या एकोणिसाव्या शतकातल्या कवीचं नाव आहे, हे मला आत्ता वाचून कळलं. तेव्हा फक्त चव कळली होती. त्याच रात्री मी तुझ्या आईला पत्र लिहिलं की इथली माणसं तिसऱ्यांत कोथिंबीर घालतात पण खोबरं नाही, आणि खाली राहिलेला रस पावाने पुसून खातात. तिचं उत्तर मला दोन महिन्यांनी पुढच्या बंदरावर मिळालं. वीस वर्षांची मुलगी, सासरी एकटी. तब्येत विचारली, पैसे पोचले म्हणून लिहिलं, आणि शेवटी एक ओळ होती: ‘खोबरं नाही तर रस दाट कसा होतो?’

मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त जेवलो होतो.

तर हॉटेल असं बघ. दाराशी किंवा आत बर्फावर अख्खी मासळी मांडलेली असावी. आईला ती स्वतः निवडू दे. डोळा आणि गलफडं बघून मासा कसा घ्यायचा हे तिला तिथल्या कुणाही वेटरइतकंच कळतं. हे काम तिच्याकडून काढून घेऊ नकोस, यात तिला आनंद आहे. अख्खा मासा किलोच्या भावाने लावतात, तेव्हा वजन आणि भाव भाजायला टाकायच्या आधी विचारून घ्या. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज असं पुढे आणून ठेवतात, ते फुकट नसतं. मागितलं नसेल आणि हात लावला नसेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत असा तिथला कायदा आहे, नको असेल तर परत पाठवायचं. पण आपण पाव ठेवून घेऊ, रसाला लागेल. अर्धी प्लेट मिळते, मेन्यूत ‘मैया दोझ’ लिहिलेलं असतं. पूर्ण प्लेट दोघांना पुरते.

जून महिना आहे हे आपलं भाग्य. 13 जूनच्या संत अंतोनियोच्या सणाच्या या महिन्यात त्या शहरात गल्लोगल्ली तारल्या भाजतात. जाडं मीठ लावून, आतडीसुद्धा न काढता, निखाऱ्यावर. भाजलेली तारली पावाच्या कापावर ठेवतात आणि हाताने खातात. तिचं तेल पावात मुरतं, आणि मासे संपले की तो पाव खातात. हाताने, बाय! सगळ्यांसमोर, सगळ्यांसारखं. इथे 1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे येताना आई सुक्या बांगड्यावर दिवस काढून आलेली असेल. तिच्यापुढे गरम तारल्यांचं ताट येऊ दे.

बाकल्यावसुद्धा एक अर्धी प्लेट सांग. तो खारवून वाळवलेला कॉड मासा, दोन दिवस पाणी बदलत भिजवतात आणि मग शिजवतात. अंड्यात आणि बटाट्याच्या बारीक काड्यांत परतलेला असतो तो सांग. खारवलेल्या माशाचा एवढा मान दुसरा कुठला देश करत असेल असं मला वाटत नाही, आणि सुक्या माशाला ‘वास येतो’ म्हणून नाक मुरडणाऱ्या शहरातल्या जावा-नणंदांचं आईने फार ऐकून घेतलंय.

मेन्यू इंग्रजी मागू नकोस, पोर्तुगीजच माग. तिला रोमन अक्षरं वाचता येतात. त्यात तिला ‘बटाटा’ सापडेल, तसाच, आपल्याच उच्चाराच्या जवळ. पाव सापडेल, अननस सापडेल. हिरव्या सुपात कोव्ह असतो, तो आपल्या कोबीचाच मूळ शब्द. ते सूप सांगाल तर सॉसेजची चकती घालू नका म्हणून आधी सांगा. तिसऱ्यांत पुष्कळ ठिकाणी वाइन घालतात, त्याशिवाय करून द्याल का असंही टेबल घेतानाच विचार. आणि बीफचं कुठेही, कशातही नको. हे सगळं दोन ओळींत पोर्तुगीजमध्ये लिहून आधी मेल कर, म्हणजे तिच्यासमोर चर्चा नको. तिच्यासमोर चर्चा झाली की ती म्हणणार, ‘मला काहीही चालतं.’ चाळीस वर्षं तिला काहीही चाललंय.

वेळ साडेसातची घे, उघडल्याउघडल्या. तिथली माणसं आठ-साडेआठनंतर येतात, तोवर जागा शांत असते आणि आईची जेवायची वेळही तीच. खुर्ची पाठ असलेली पाहिजे, उंच स्टूल नको. बायशा भागात जमीन सपाट आहे, तिकडचं मिळालं तर उत्तम, जेवून चार पावलं चालता येईल.

केक सांगू नकोस. दिवे घालवून, टाळ्या वाजवून अनोळखी माणसं गायला लागली की ती पदर चाचपत बसेल. त्यांच्याकडे तांदळाची खीर असते, अरोझ दोस, वरून दालचिनीच्या पुडीची नक्षी काढतात. ती सांग.

बिल मी देणार. यावर वाद नको. जावईबापूंनाही सांगून ठेव. पेन्शनमधून त्यासाठी वेगळे काढून ठेवलेत, दोन वर्षांपासून.

आणखी एकच. वाढायला येईल त्याला आधी सांगून ठेव की पहिलं ताट तिच्यापुढे ठेवायचं, आणि तिने घास घेईपर्यंत आपण कोणी हात लावायचा नाही. ती म्हणेल तुम्ही सुरू करा. करायचं नाही. बाळ रडलं तर मी उचलून बाहेर नेईन, तू उठू नकोस, नाहीतर तीही उठेल. या घरात ती आल्यापासून मी तिला गरम भाकरी खाताना बघितलेली नाही. करणारीच ती, वाढणारीही तीच.

तिसऱ्या सगळ्यात आधी मागव. त्या आल्या की कोणी काही सांगू नका. ते पत्र तिने फडताळातल्या डब्यात ठेवलंय, मी लिहिलेलं, आणि तिचं उत्तर माझ्याकडे आहे. ते मी खिशात घेऊन येतो. रस दाट कसा होतो ते तिचं ती बघेल.

उठली वाटतं. मोरीत पाण्याचा आवाज येतोय.

तुझा
बाबा

ता. क. टेबल मिळालं की मला फोनवर फक्त ‘पाऊस पडला’ एवढं सांग.