ते चित्र लढाईचे नव्हे, चांदमारीचे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत १८५७ वरील लेखासोबत आपण एक जुने लाकडी ठशाचे चित्र छापले आणि खाली ओळ दिली, 'बंडवाल्यांवर गोळीबार करणारे इंग्रज सैनिक'. मी गिरगावात हयातभर छपाईसाठी झिंकचे ब्लॉक केले. असे काही समोर आले की हात आपोआप भिंगाकडे जातो. त्या चित्रात लढाई नाही, बंडवाला तर एकही नाही. ती चांदमारी आहे, म्हणजे नेमबाजीचा सराव.

एकच सैनिक गुडघा टेकून नेम धरतो आहे. मागचे बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून निवांत उभे. अंमलदाराच्या हातात तलवार नसून वही आहे. दूर मातीच्या बांधापुढे उभट पांढरी पाटी, तिच्यावर काळा ठिपका, आणि शेजारच्या खड्ड्यातून कोणीतरी निशाण वर केले आहे. इतक्या सोयीने उभा राहणारा शत्रू मिळाला असता तर इंग्रजांना आणखी काय हवे होते?

चित्रावर केसासारख्या पांढऱ्या रेघा आहेत, त्याही छपाईचा दोष नव्हे. असे ठसे बॉक्सवूडच्या लाकडात कोरत. ते झाड बारीक, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे मागून बोल्टने जोडत. वर उलटे चित्र काढायचे, मग ठोकळे सुटे करून कोरणाऱ्यांत वाटायचे. एकाच्या वाट्याला आकाश, दुसऱ्याच्या वाट्याला गवत. चेहरे मात्र मुरलेल्या हाताकडे. पुन्हा जोडल्यावर सांधे मिळवून घेत, तरी एखादा राहतोच. आपल्या चित्रातला नेमका त्या वहीवरून गेला आहे. १८४२ साली निघालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ची आठवड्याची घाई याच युक्तीने निभत असे. कोरणाऱ्यांनी ना हिंदुस्थान पाहिलेला, ना ती पलटण.

मथळ्याचा किरकोळ घोळ म्हणून मी सोडून दिले असते. पण १८५७ च्या गोष्टीत चांदमारी आणि कवायत बाजूला सारून कसे चालेल? जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडचा माणूस टिपणे कठीण होते. नव्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पेचदार खाचा होत्या, नेम शेकडो यार्डांवर धरता येई. म्हणून अंतर अजमावण्यापासून सगळे नव्याने शिकवावे लागले. त्यासाठी इंग्लंडात हाइथ येथे १८५३ मध्ये शाळा निघाली. आपल्याकडे १८५७ च्या सुरुवातीला हे शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे सुरू झाले, आणि चरबीच्या काडतुसांची बोलवा डमडमहूनच पसरली. मीरतला २४ एप्रिलला घोडदळाच्या ९० स्वारांना काडतुसे घ्यायला सांगितले, ती कवायतच होती. ८५ जणांनी नकार दिला. ९ मे रोजी सर्वांसमोर त्यांना बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मीरत पेटले.

मूळ पानावर चित्राखाली बहुधा छापील ओळ असते. आपण ती कापलेली दिसते. ती ओळ, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख पुढच्या रविवारी द्यावी. आणि चित्र दीड कॉलमात कोंबू नये, बारीक रेघा बुजतात.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर,
गिरगाव, मुंबई