सत्तरीतले संग्रहालय

फोंडा, गोवा

प्रिय विश्वास,

सप्रेम नमस्कार.

चोर्ला घाटाने बेळगावला जाताना सत्तरी तालुक्यातल्या एका लहान गावी थांबून तिथले निसर्ग-संग्रहालय पाहिले. कौलारू घराच्या दोन खोल्या, एवढाच त्याचा पसारा. पहिल्या खोलीत पेंढा भरलेला गवा आहे. गोव्याच्या राज्यप्राण्याचे ते काचेचे तिरळे डोळे पाहून मी लगबगीने पुढे सरकलो.

दुसऱ्या खोलीतून मात्र पाय निघेना. तिथे महाधनेशाची कवटी उघड्या टेबलावर ठेवलेली असून ती हातात घेऊ देतात. चोचीवरचे शिंग दिसायला अवजड, पण आतून बरेचसे पोकळ असल्याने कवटी सुक्या भोपळ्यासारखी हलकी लागते. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड लिंपून जेमतेम एक उभी फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून फळे भरवत राहतो, हे आपण वाचलेले. चोचीचे निमुळते टोक बोटांनी चाचपल्यावर तेवढी फट कशी पुरत असेल, ते उमगले. शेजारीच रामपत्रीचे बी, तांबड्या पत्रीसकट, म्हणजे वरच्या आवरणासकट, मांडले आहे. धनेश असल्या बिया गिळतो, वरची पत्री पचवतो आणि बी दूर कुठेतरी ओकून टाकतो. सत्तरीतल्याच निरंकाराच्या राईत दलदलीतून वाकडी मुळे वर काढून उभी असलेली झाडे याच कुळातली. कवटी आणि बी शेजारी ठेवणाऱ्याला जंगल कळले आहे, यात शंका नाही.

तक्रार आहे ती चिठ्ठ्यांविषयी. एका बाटलीत देवगांडूळ आहे. भिंगातून पाहिले तर गांडुळाला कधीच नसणारा जबडा आणि त्यातले बारीक दात दिसतात. चिठ्ठीवर मात्र ‘बिनपायाचा उभयचर’ एवढेच! २००७ साली सत्तरीतल्या केरी येथून देवगांडुळाची एक जात शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावात गोवा आला, याचा तिथे उल्लेखच नाही. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, खणताना असा प्राणी निघाला की साप समजून मारतात, म्हणून तर हे लिहिणे अगत्याचे.

राखणदारांशी बोललो, तर ते म्हणाले, “लिहून द्या, लावतो.” चार ओळी सोबत पाठवीत आहे. उभयचर हा तुझा विषय. निःसंकोचपणे काटछाट करून लवकर परत पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत