कासवाचे पत्र

प्रिय वसंतास,

सप्रेम नमस्कार.

दीड वर्षात तुला एक ओळही लिहिली नाही, याची आधी माफी मागतो आणि लगेच मूळ विषयाकडे वळतो, कारण माफी मागण्यातच पान संपवण्याची माझी खोड तुला ठाऊक आहे. प्रकृती तशी बरी आहे. तीन महिन्यांपूर्वी पार्किन्सनचे निदान झाले, अवस्था सुरुवातीची आहे, हात कापत नाही, गोळ्या सुरू आहेत.

पत्राचे कारण आजार नव्हे. बॅडमिंटनचा अंतिम सामना हरल्यावर तू सर्वांदेखत उच्चारलेले एक वाक्य आहे. "तू हळू नाहीस, तुला मनापासून जिंकायचेच नसते." त्या वाक्यावरून आपण अकरा महिने अबोला धरला होता. अबोला कोणी मोडला याविषयी तुझे मत चुकीचे आहे, पण तो वाद आज नको.

तपासणीत डॉक्टरांनी अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली. डाव्या हाताने ते सरळ केले. उजव्या हाताच्या पहिल्या पाचसहा टिचक्या ऐटीत झाल्या, आणि नंतर प्रत्येक टिचकी आधीच्यापेक्षा लहान आणि उशिरा येऊ लागली. मी बोटांकडे पाहत होतो आणि ती माझी आहेत हे मला पटत नव्हते. मग त्यांनी स्नायूंची ताकद तपासली, ती शाबूत होती. कंप नसतानाही हे निदान होऊ शकते, मात्र ही मंदगती नसेल तर होत नाही, असे त्यांनी सांगितले. हे पत्र हाताने लिहीत आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटी अक्षर कसे बारीक होत जाते ते तुला दिसेलच. माझ्या टपोऱ्या अक्षरामुळे वह्या लवकर संपतात, अशी तक्रार तू करायचास. आता कागदाची बचत होत आहे.

मेंदूत काय घडते ते मी हट्टाने समजून घेतले. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामाइन नावाचे निरोप पोचवणारे रसायन तयार करून ते वर स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागापर्यंत पोचवतात, आणि माझ्या त्या पेशी हळूहळू मरत आहेत. उजवा हात मंदावला म्हणजे नुकसान मेंदूच्या डाव्या बाजूस अधिक झालेले असते. स्ट्रायटममधून दोन वाटा निघतात; एक हालचालीवरचा ब्रेक सैल करते, दुसरी तो आवळते. डोपामाइन पहिलीला बळ देते आणि दुसरीला आवरते, त्यामुळे ते कमी पडले की ब्रेक आवळलेलाच राहतो. त्याच सुमारास या भागातील पेशींचे गट सेकंदाला साधारण १३ ते ३० वेळा एका तालात धडधडू लागतात, आणि तो ताल जितका चिवट, तितकी नवी हालचाल सुरू होणे अवघड जाते. सगळ्यांत आधी झळ बसते ती स्ट्रायटममधल्याच पुटामेन या भागाच्या मागच्या बाजूला, जिथे सवयीच्या, न विचार करता होणाऱ्या हालचालींचा कारभार चालतो. म्हणून चालताना उजवा हात हलत नाही, आणि शर्टाचे प्रत्येक बटण मला नव्याने शिकल्यासारखे लक्षपूर्वक लावावे लागते. त्या वेळी कोणी काही विचारले की बटण तरी थांबते किंवा उत्तर तरी.

इथपर्यंत मी शांत होतो. मग २००७ सालच्या एका प्रयोगाविषयी वाचले. न्यूयॉर्कमधील पिएत्रो मात्झोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना ठरवून दिलेल्या वेगाने हात हलवायला सांगितले. रुग्णांना तो वेग गाठता येत होता आणि अचूकताही निरोगी माणसांइतकीच होती. मात्र तितक्या वेगाच्या तितक्याच हालचाली जमण्यासाठी त्यांना अधिक वेळा प्रयत्न करावा लागला. त्यांनी काढलेला अर्थ असा की प्रत्येक हालचालीसाठी किती शक्ती खर्च करावी याचा हिशेब मेंदू आपल्या नकळत मांडत असतो, आणि डोपामाइन घटले की तो हिशेब कंजूष होतो. म्हणजे हात हलू शकतो, पण मेंदूला तो खर्च परवडणारा वाटत नाही.

वसंता, हे वाचल्यावर तुझे ते वाक्य माझ्या कानात जसेच्या तसे वाजले. तेव्हापासून एकच प्रश्न छळतो आहे: मी मंद झालो आहे, की मला कशाचीच ओढ उरलेली नाही? डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की हालचालीची ही नकळत चालणारी किंमत-मोजणी आणि मनातली इच्छा या वेगळ्या गोष्टी आहेत. मला दिलासा मिळाला. पण प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्यांनी पुढे सांगितले की या आजारात खरीखुरी उदासीनताही येऊ शकते, कधी कधी अगदी सुरुवातीलाच, आणि म्हणून तिच्यावरही लक्ष ठेवावे लागेल. आता मी स्वतःवर पाळत ठेवतो. फोन वाजतो, मी उशिरा उठतो, आणि उठेपर्यंत विचार करतो की उशीर पायांनी केला की माझ्या मनाने. घरात हे कोणाला सांगितले तर धीर दिला जाईल. मला धीर नको आहे. मला पूर्वीपासून ओळखणारा, माझ्यावर चिडलेला माणूस हवा आहे.

एक गंमत सांगतो. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी औषध देऊन निपचित केलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामाइन बनते ते द्रव्य, टोचले आणि ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळाले. माझ्या गोळीत तेच द्रव्य आहे. तू मला जन्मभर कासव म्हणालास, आणि अखेर औषध सशाचे लागू पडले! बटणे आता जरा लवकर लागतात. पण गोळीचा अंमल चढल्यावर गच्चीवर जावेसे वाटते, ते मला वाटते की गोळीला, हे काही केल्या ठरत नाही.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याचे कळले. व्यायाम टाळू नकोस. मुलीच्या नोकरीचे ऐकून आनंद झाला, तिला आशीर्वाद.

आता उत्तर नीट आठवून लिही. त्या सामन्यात शेवटचे शटल माझ्यासमोर पडले, तेव्हा तुला माझ्यात नेमके काय दिसले होते? माझी भीड ठेवू नकोस, तशी ती तू कधी ठेवलेली नाहीस. आणि येशील तेव्हा चालताना माझ्या उजव्या बाजूला राहा. हात हलायचा थांबला की सांग. ओरडून सांगितलेस तरी मी बोलणे बंद करणार नाही.

तुझा,
कासव