पेढीचे हिशेब आता तीन ठिकाणी राहतील

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पेढीचे हिशेब साठवण्याची व्यवस्था बदलण्याचे मी ठरवले आहे आणि त्यासाठीचे यंत्र मागवलेही आहे. आधी विचारले असते तर बाबा, तुम्ही "हंगाम संपू दे" म्हणाला असतात, आणि हळदीचा हंगाम संपेपर्यंत पावसाळा दाराशी येतो. गुडघा दुखत असतानाही तुम्ही रोज रात्री मागे थांबून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली माहिती हार्ड डिस्कवर उतरवता आणि ती पिशवीत घालून घरी आणता, हे मला आईने सांगितले. तिच्यावर रागावू नका.

संगणकाला थेट जोडलेली डिस्क ही साठवण मुळीच वाईट नाही. ती स्वस्त आहे, वेगवान आहे आणि एकट्या माणसाला पुरते. परंतु तो संगणक बंद असला की दिवाणजींना शेतकऱ्याची जुनी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढता येत नाही, आणि डिस्क बिघडली तर त्या दिवसाचा सगळा व्यवहार आठवणीवर येतो. म्हणून मी नेटवर्कला जोडायची साठवण घेतली आहे, तिला 'नॅस' म्हणतात. दोन डिस्क बसणारे हे लहानसे यंत्र राउटरला जोडले की पेढीवरचा प्रत्येक संगणक त्यातली कागदपत्रे उघडू शकतो. दोन्ही डिस्कवर तीच माहिती एकाच वेळी लिहिली जाते, त्यामुळे एक निकामी झाली तरी काम थांबत नाही आणि नवी बसवली की ती दुसरीवरून भरून निघते. अनेक डिस्क अशा एकत्र वापरण्याच्या रचनांना 'रेड' हे नाव १९८७-८८ च्या सुमारास बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी दिले, तेव्हा हा काही कालपरवाचा प्रयोग नव्हे.

विक्रेत्याने 'सॅन'ही सुचवले होते. त्यात साठवणुकीसाठी वेगळे जाळेच उभारावे लागते. अनेक सर्व्हर, म्हणजे इतरांना माहिती पुरवणारे संगणक, एकाच वेळी ज्या माहितीवर तुटून पडतात अशा बँकांना ते हवे, आपल्या पेढीला तो खर्च व्यर्थ आहे.

मात्र दोन डिस्क म्हणजे दोन सुरक्षित प्रती नव्हेत, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचे आहे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' या संगणक-विषाणूने जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तसे काही आले तर दोन्ही डिस्क एकदमच जातील. आणि पाणी! २००५ च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांमधल्या, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतल्या, हळदीचे जे झाले तेच एका जागी ठेवलेल्या माहितीचे होते. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तुम्ही आधी वह्या वर नेल्या आणि मग स्वतःचे कपडे, हे मी विसरलेले नाही.

यासाठी आणखी एक प्रत क्लाउडवर, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, रोज रात्री आपोआप जाईल. आपल्याकडून निघण्याआधीच ती सांकेतिक रूपात बदलली जाईल, त्यामुळे आपले भाव आणि उधाऱ्या तिथे कोणालाही वाचता येणार नाहीत. मागच्या तीस दिवसांच्या प्रती वेगवेगळ्या राहतील. तिचे भाडे दरमहा द्यावे लागेल, ते मी देईन, यावर वाद नको. इंटरनेट नसेल तेव्हा ही प्रत हाती येत नाही, म्हणून केवळ तिच्यावर मी विसंबले नाही. जीएसटीच्या नियमानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळावे लागतात. इतका काळ एकाच वस्तूवर भरवसा ठेवणे मला पटत नाही.

बाबा, तुमची खुर्ची, तुमच्या संगणकाचा पडदा, टॅलीतली तुमची मोठी अक्षरे, यांतले काहीही बदलणार नाही. पाडव्याचे वहीपूजनही तसेच होईल. पहिल्या पानावर 'श्री' काढताना माझा हात तुम्ही धरत होता, तुमच्या बोटांना हळदीचा वास यायचा. ती वही कोणत्याही यंत्राने हटवावी असे मला कधीच वाटणार नाही.

आता नीट ऐका. यंत्र वरच्या मजल्यावरच ठेवायचे. खाली हळदीची धूळ पंख्यात बसते. त्याला यूपीएस जोडलेला असलाच पाहिजे. क्लाउडवरची प्रत उघडायची सांकेतिक किल्ली कागदावर लिहून, आई, तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेव, देवघरात नको. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी. जुनी डिस्क टाकू नका. दर शनिवारी दिवाणजी तिच्यावर प्रत घेतील आणि लगेच काढून ठेवतील, कारण जोडलेली नसलेली डिस्क विषाणूला सापडत नाही. तीन महिन्यांतून एकदा क्लाउडवरची एखादी जुनी पट्टी उघडून पाहायची, ते मी इथून करून घेईन.

सोमवारी जोडणी करायला माणूस येईल. त्याला चहा द्या, पण बाबा, त्याच्यासोबत जिन्यावरून वरखाली करू नका, दिवाणजींना पाठवा. आणि संध्याकाळी सात वाजता पेढी बंद करून घरी या.

तुमची,
मनू