मंत्रिमहोदय, तुमच्या फोटोखालचं व्हेंटिलेटर बंद आहे

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

परवा टीव्हीवर आपण म्हणालात, व्हेंटिलेटर कमी नाहीत. खरं आहे. माझ्या भावाच्या खाटेपासून चार पावलांवरच एक होतं. प्लास्टिकच्या कव्हरात, वर तुमचा हसरा फोटो नि खाली ‘लोकार्पण’. गेल्या गणपतीआधी फीत तुम्हीच कापलीत, टाळ्या वाजवायला मीही होते. त्याचा सेन्सर गेलाय, देखभालीचा करार संपलाय, असं सिस्टर म्हणाली.

धाकटा होता माझा, ४१ वर्षांचा. न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत उतरला. घशात नळी घातली आणि माझ्या हातात अंबू बॅग दिली, हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी. दर पाच सेकंदांनी दाबायची, मिनिटाला १२ वेळा. रात्री दहापासून मी आणि भावजय आळीपाळीने दाबत होतो. डॉक्टर पोरगी, तीच दोन रात्री झोपलेली नव्हती, सारखी सांगायची, ‘ताई, जोरात नको, फुफ्फुस फुटेल.’ असल्या फुफ्फुसात श्वास सोडल्यावरही थोडा दाब राहावा लागतो, नाहीतर आतले बारीक फुगे मिटतात. मशीन तो दाब राखतं. बहिणीच्या हाताला कुठून जमणार?

पहाटे कुणीतरी एक्मोचं नाव काढलं. रक्त बाहेर घ्यायचं, मशीनमध्ये त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून ऑक्सिजन भरायचा, परत अंगात सोडायचं. फुफ्फुसाला तेवढी रजा. एका खासगी रुग्णालयाला फोन लावला. ‘आधी पाच लाख भरा.’ मी शिवणकाम करते, साहेब. ब्लाउजचे २०० घेते. म्हणजे २,५०० ब्लाउज.

नऊ वाजता त्या पोरीने माझा हात धरून थांबवला. ७,९२० वेळा दाबली होती आम्ही. तेराव्याच्या रात्री गुणाकार केला.

२०२१मध्ये ऑक्सिजनच्या व्यवस्थेसाठी सुप्रीम कोर्टाने मुंबईची पाठ थोपटली होती ना? टाक्या आल्या, पाइप आले. पाइपाच्या टोकाचं मशीन चालतंय का, हे बघायला माणूस कोण नेमणार? महापालिकेचं २०२५-२६चं बजेट ७४,४२७ कोटींचं. आमच्या गल्लीतले धडधाकट पेव्हर ब्लॉक दोनदा उखडले, खांबांना रोषणाई झाली, सेन्सरला मात्र पैसे नाहीत! खरेदीत टक्का असतो, दुरुस्तीत नसतो, एवढंच ना? तुमचा पक्ष, त्यांचा पक्ष, सगळे फीत कापायला पुढे. करार संपतो तेव्हा कुणीच नसतं.

मागणी म्हणाल तर एकच. मंडईत भाव लिहितात तसं प्रत्येक रुग्णालयाच्या दारात फळ्यावर रोज लिहा, किती व्हेंटिलेटर चालू, किती बंद. निदान माणूस कुठे न्यायचा ते कळेल.

सोमवारी मृत्यूचा दाखला आणायला गेले होते. मशीन तिथंच आहे. कव्हरवर धूळ बसलीय. फोटो तेवढा कुणीतरी पुसून ठेवलाय.

– भांडुपची एक शिलाईवाली