भर सीझनमध्ये पट्टीचं सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्या दादांना

दादा, फोनवर थँक्यू म्हणलो होतो पण तेव्हा मागं हमालांचा गलका चालू होता, तुम्हाला ऐकू गेलं का नाही काय माहीत, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलोय.

बाकीच्यांसाठी सांगतो, लातूरच्या मार्केट यार्डात आमच्या मामाची सोयाबीनची आडत आहे. एका पोराकडून जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं छोटं सॉफ्टवेअर करून घेतलेलं, दिवसभराच्या कट्ट्यांची सीएसव्ही (एक्सेलसारख्या तक्त्याची साधी मजकूर फाईल) वाचायची आणि हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाचा कागद, छापायची, बस. तो पोरगा नोकरीला गेला, सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) कुणापाशीच नाही, राहिली नुसती जार फाईल, म्हणजे चालवायचा तयार प्रोग्राम. दिवाळीच्या तोंडावर नवीन कॉम्प्युटर आणला आणि ते चालंनाच गेलं. डबल क्लिक केलं की काहीच नाही, एरर पण नाही. पट्टीसाठी लोकं दारात उभे आणि मामा कॅल्क्युलेटर घेऊन बसलेले. कुणी म्हणे व्हायरस, कुणी म्हणे विंडोज नव्यानं मारा, सल्ले देणारे लय असतेत ना राव.

तुम्ही पहिलंच काय म्हणलात, डबल क्लिक करूच नको, त्यानं एरर दिसायची सोयच राहत नाही, सीएमडी (विंडोजची कमांड टाईप करायची काळी खिडकी) उघड आणि 'जावा -जार' करून चालव. चालवलं तर हे भलंमोठं इंग्रजी आलं. मी म्हणलो फोटो पाठवतो, तुम्ही म्हणलात नको, वाचून दाखव, 'कॉज्ड बाय' कुठंय ते बघ, खरं कारण तिथं असतं. तिथं लिहिलेलं होतं की फाईलच सापडत नाही. फाईल तर समोर दिसायलीय! मग तुम्ही समजावलं की प्रोग्राम फाईल स्वतःच्या शेजारी नाही, जिथून चालवला त्या फोल्डरमध्ये हुडकतो. शॉर्टकटच्या 'स्टार्ट इन'मध्ये बरोबर फोल्डर टाकलं, सीएमडीतून पण त्याच फोल्डरमधून चालवलं, तर आता दुसरीच एरर, नंबर फॉरमॅटची. त्यात अवतरणात "?101" असं होतं. मी नुसतं एकशे एक वाचलो अन् तुम्ही थांबवलं, त्याच्या आधी काही आहे का म्हणून. प्रश्नचिन्ह आहे म्हणलो तर तुम्ही हसलातच, सापडलं म्हणे.

एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' (मराठी अक्षरं नीट साठवणारा प्रकार) सेव्ह केलं की फाईलच्या सुरवातीला तीन बाइट जास्तीचे बसतेत, बीओएम म्हणतेत त्याला, डोळ्याला दिसत नाही पण जावा तो आपणहून काढत नाही, मग पहिल्या पावती नंबरला चिकटून येतो आणि आकडा म्हणून वाचताना प्रोग्राम मरतो. जुन्या मशीनवर एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर होतं, ते बीओएम लावत नाही, म्हणून इतके दिवस निभलं. मी म्हणलो मग साध्या सीएसव्हीत सेव्ह करू, तर तुम्ही म्हणलात करून बघ, आणि शेतकऱ्यांच्या नावाच्या जागी सगळी प्रश्नचिन्हंच की! त्या दिवसापुरतं नोटपॅडमध्ये उघडून बीओएम नसलेल्या यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलं आणि पट्ट्या धडाधड निघाल्या.

तुम्ही माझी स्क्रीन तिकडून ताब्यात घेऊन दोन मिनिटात करून मोकळे झाला असता तरी आम्ही पाया पडलो असतो. पण ओळन् ओळ माझ्याकडून वाचून घेतली, ऑफिसच्या टायमात, एकदा पण आवाज चढवला नाही. त्याचं खरं थँक्यू आहे दादा.

लिब्रेऑफिस टाकलंय, मुनीमजींना पण दाखवलंय. आता मामा विचारायलेत की पट्टीवरचा दुकानाचा मोबाईल नंबर बदलता येतो का सोर्स नसताना, सवड झाली की तेवढं सांगा.